स्क्रीनवर आलेल्या नंबरवर फोन का करायचा नाही?

नालवाडी वर्धा शहराला लागूनच आहे. कॉम्प्युटर बिघडला तर दुरुस्तीचं दुकान लांब नाही. पण स्क्रीनवर एकाएकी 'व्हायरस सापडला, या नंबरवर लगेच फोन करा' असं झळकलं आणि वर भोंगाही वाजू लागला, की घाबरून हात मोबाइलकडेच जातो.

ही सूचना म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेलं एक वेबपेज असतं. वेबपेजला तुमच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस तपासताच येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, असं कंपनीच सांगते. एस्केपचं बटण दाबून धरा. तरीही पान हटलं नाही, तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. बहुतेक वेळा दुरुस्ती एवढीच!

फोन केलाच, तर समोरचा एनीडेस्कसारखं ॲप घ्यायला लावतो. ॲप वाईट नाही. पुण्यात बसलेला भाचाही त्यावरूनच प्रिंटर सुरू करून देतो. पण अनोळखी माणसाला परवानगी दिली, की तुमचा माउस त्याच्या हातात. त्यात बँकेचं खातं उघडलं, तर संपलंच.

तसं झालंच तर आधी इंटरनेट तोडा, मग बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा. पासवर्ड, ओटीपी ग्राहकानंच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं, असं रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात म्हटलं होतं. म्हणून लाजेपोटी सकाळपर्यंत थांबू नका.