एका घरातले दोन आजार

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत कामगारांमध्ये हिंडताना आम्हांस एक तक्रार वारंवार ऐकू येते. अमका गडी तेंदूपत्त्याच्या हंगामात चार दिवस येतो नि आठ दिवस निजतो. मुकादम त्याला कामचुकार म्हणतो. गावात त्याच्या आईच्या नावाने बोटे मोडतात. पुष्कळदा खरे कारण असते सिकलसेल.

रक्तातील हिमोग्लोबिनच्या साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते, बदल इतकाच. इन्ग्राम यांनी तो १९५७ साली दाखविला. प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हाडांत तुंबल्या तर ठणका, मेंदूत तुंबल्या तर कोवळ्या पोरालाही अर्धांग! आईबाप दोघांकडे एकेक सदोष जनुक असेल (असे आईबाप स्वतः बहुधा धडधाकट असतात) तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब पुष्कळ जण करतात; तो चूक. आणि दोष एकट्या आईच्या माथी मारणे तर सरळ अन्याय होय.

त्याच घरात कधी दुसराही दोष सापडतो: जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव. हा चयापचयाचा दोष. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर, सिकलसेलचे अकराव्यावर. म्हणून तो मुलाला आईकडून मिळतो, बापाकडून नव्हे. एरवी त्याचा पत्ता लागत नाही. पण हिवतापावर प्रायमाक्विन सुरू झाले की एखाद्याची लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात. अशा वेळी गोळी थांबवून तडक दवाखाना गाठावा.

मग एकामुळे दुसरा होतो काय? नाही. दोघांच्या वाटा निराळ्या. त्यांना टिकवून धरणारा मात्र एकच, हिवताप. सिकलसेलचे एकच जनुक असलेल्यास जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले. विकराच्या उणिवेबाबतही तसेच पुरावे आहेत. डासांच्या मुलखात ही जनुके पिढ्यान् पिढ्या उरली ती यामुळे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हे मुकादमास सांगावे. २०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेत सिकलसेलची तपासणी चालू आहे. मात्र त्या चिठ्ठीवरून विकराची उणीव कळत नाही. प्रायमाक्विन घेण्यापूर्वी ती चाचणी निराळी मागून घ्यावी.