प्रकोष्ठातील पेशीवैविध्य आणि आपली चिकित्सा

आचार्य सुश्रुतांनी शारीरस्थानात ५०० पेशी सांगितल्या. त्यांपैकी ४०० शाखांमध्ये आहेत. त्याच अध्यायात मृतशोधनाचा विधी सांगून, शास्त्रात वाचलेले प्रत्यक्षात पाहावे, असा आग्रहही त्यांनी धरला. कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाची, म्हणजे प्रकोष्ठाची, तपासणी करताना हा आग्रह विशेष स्मरणात ठेवावा, असे आम्हांस वाटते. कारण येथील पेशींची रचना प्रत्येक रुग्णात सारखी नसते.

पहिले उदाहरण पामॅरिस लाँगस या पेशीचे. पाठ्यग्रंथांनुसार सुमारे १५ टक्के व्यक्तींत ती नसते; निरनिराळ्या मानवसमूहांत हे प्रमाण कमीअधिक आढळते. अंगठा व करंगळी यांची टोके जुळवून मनगट किंचित वाकविले असता मध्यभागी कंडरा उठून दिसते. शेफर यांची ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. पेशी नसली तरी पकडीचे बळ फारसे उणावत नाही. धोका निराळाच आहे. या कंडरेच्या खालीच मीडियन नर्व्ह असते. कंडरा नसल्यास ती त्वचेच्या अधिक निकट येते आणि स्पर्शाला कंडरेसारखीच भासते. कंडरा समजून हीच नर्व्ह काढली गेल्याच्या घटना शल्यवाङ्मयात नोंदलेल्या आहेत. मग मणिबंधाजवळ विद्धकर्म वा अग्निकर्म करणाऱ्या वैद्याने किती सावध असावे!

दुसरे उदाहरण गँट्झर यांनी १८१३ मध्ये वर्णिलेल्या पेशीचे. अंगठा वाकविणाऱ्या दीर्घ पेशीचे हे अतिरिक्त शिर अनेकांत आढळते व बहुधा निरुपद्रवी असते. क्वचित त्याचा दाब अँटेरियर इंटरऑसियस नर्व्हवर पडतो. तेव्हा अंगठा व तर्जनी यांची टोके वाकत नाहीत, दोहोंचे गोल कडे जुळत नाही. मात्र त्वचेची संवेदना शाबूत राहते. पामॅरिस लाँगसचा मांसल भाग उलट, म्हणजे मनगटाकडे असेल, तर श्रमानंतर तेथे सूज व बोटांत मुंग्या येऊ शकतात.

अशा रुग्णास केवळ 'वातव्याधी' म्हणून तैल व गुग्गुळकल्प देत कालहरण करू नये. दोन्ही हात तुलनेने तपासावेत; बलहानी दिसल्यास नर्व्ह कंडक्शन तपासणी व तज्ज्ञांचे मत घ्यावे. औषधालयचालकांनीही, बोट वाकत नसल्याची तक्रार घेऊन तेल मागणाऱ्या ग्राहकास प्रथम वैद्याकडे पाठवावे.

आमच्या मते, मनगटावर सुई वा शलाका टेकविण्यापूर्वी शेफर परीक्षा करून तिची नोंद रुग्णपत्रिकेत करणे, हा प्रत्येक चिकित्सालयाचा नियम व्हावा.