दोन-तीन वर्षांचे मूल आणि घराबाहेरचा फेरफटका

पहिलीच्या वर्गात नव्याने आलेली मुले पाहिली, तर त्यांच्यात एक भेद लौकरच ध्यानात येतो. काही मुले खिडकीबाहेरच्या खारीकडे बोट दाखवून गुरुजींना प्रश्न विचारतात. काही मुले विचारीत नाहीत, वस्तूला हात लावीत नाहीत, आणि सांगितले तेवढेच करून स्वस्थ बसतात. काहींचा स्वभावच अबोल असतो, काहींची घरची बोली शाळेच्या भाषेहून निराळी असते. परंतु काहींना ही स्तब्धता शिकविली गेलेली असते. चालू लागल्यापासून "चल लौकर", "हात लावू नको", "गप्प बैस" ही तीन वाक्ये ज्याने सतत ऐकली, त्याची विचारण्याची सवय शाळेत येण्यापूर्वीच मोडते, आणि पुढे वर्गात ती लावणे फार कष्टाचे होते. म्हणून शाळेत येण्यापूर्वीच्या या वयाचा विचार शिक्षकानेही करणे अगत्याचे आहे.

बालकाची चाल

सामान्यतः मूल वर्षाच्या सुमारास पाऊल टाकू लागते, दुसरे वर्ष पुरे होताना दोन शब्द जोडून बोलते, आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास "हे काय?" व "का?" या प्रश्नांनी घरच्या माणसांना भंडावून सोडते. या वयात त्याचे ज्ञान डोळ्यांइतकेच हातांनी, पायांनी व तोंडाने होत असते. चिखल कसा लागतो, दगड किती जड आहे, वाळलेले पान चुरगळले की कसा आवाज होतो, हे त्याला सांगून कळत नाही.

मोठ्या माणसास शेतावर पोहोचावयाचे असते. मुलास रस्त्यावरच सर्व काही सापडलेले असते. म्हणून मोठ्यांना दहा मिनिटांची वाटणारी वाट मुलाबरोबर अर्ध्या तासाची होते. हा वेळ वाया गेला असे पालकास वाटते. वस्तुतः मूल थांबते, वाकते, पुन्हा मागे जाते, तेव्हाच त्याचे शिकणे चाललेले असते.

आपल्याकडील परंपरा

उघड्यावरच्या बालशिक्षणाचा विचार आपल्याकडे नवा नाही. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. 1957 च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून तेथे अंगणवाडीचा प्रयोग झाला. शंख, शिंपले, बिया, पाने, माती हीच तेथील शैक्षणिक साधने. धाकट्या भावंडास सांभाळावे लागते म्हणून मोठे मूल शाळेस मुकते, हे ओळखून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड त्यांनी एकत्र घातली. ग्रामीण शिक्षकाने हा धडा आजही जवळ बाळगावा असाच आहे.

कोठे न्यावे?

त्यासाठी निराळा खर्च करून सहल काढावयास नको. शेताची वाट, नदीचा उतार, आठवड्याचा बाजार, टेकडीवरचे देऊळ, कुंभाराचे अंगण, गावची जत्रा या ठिकाणी कुटुंब जातच असते. मुलास सोबत नेताना वाटेत थांबण्यासाठी थोडा वेळ हाताशी ठेवला, म्हणजे पुरे.

ऋतुमानाप्रमाणे या वाटेवरचे धडे बदलत जातात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर तांबड्या मखमलीसारखा मृगाचा किडा मातीवर दिसतो. पावसाळ्यात गोगलगाय निघते, स्पर्श होताच अंग वेटोळून घेणारा वाणी भेटतो, आणि लाजाळूची पाने बोट लागताच मिटतात. हिवाळ्यात कोवळ्या कणसांचा हुरडा व दवाने भिजलेले गवत असते. फाल्गुनात पळस फुलतो. उन्हाळ्यात शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्याने खुळखुळतात आणि सावरीचा कापूस उडतो.

कसे न्यावे?

येथे पालकाचे मुख्य काम तीन गोष्टींचे आहे: थांबणे, मूल पाहते तेच पाहणे, आणि त्याविषयी घरच्या बोलीत बोलणे. बांधावर मुंग्यांची रांग दिसली आणि मूल खाली बसले, असे समजा. मूल म्हणते, "ही कुठं चालली?" आई म्हणते, "घराकडं चालली." "घर कुठं?" "चल, बघू." मग दोघे रांगेच्या कडेने वारुळापर्यंत जातात. एवढ्या संभाषणात मुलाने प्रश्न विचारला, त्यास उत्तर मिळाले, आणि उत्तर स्वतः पाहून पडताळता येते हेही त्याने अनुभवले. विज्ञानाच्या शिक्षणाचा पाया याहून निराळा नाही.

बोली अहिराणी असो, वऱ्हाडी असो, वारली वा गोंडी असो, वस्तूचे नाव प्रथम त्याच बोलीत मुलाच्या कानी पडावे. ज्या वस्तूकडे मूल बोट दाखवीत आहे, तिचे नाव त्याच क्षणी ऐकू आले की ते चटकन मनात ठसते. मात्र "सांग बरे, हे काय?" अशी परीक्षा पावलोपावली घेऊ नये. पालकास उत्तर ठाऊक नसेल, तर "आपण बघू या" एवढे म्हटले तरी चालते. सुगरणीचे घरटे दाखविताना ते मादी विणते असे पुष्कळजण सांगतात. प्रत्यक्षात ते नर विणतो. विहिरीकाठच्या बाभळीखाली घटकाभर उभे राहिले, तर हे डोळ्यांनीच पाहता येते. घरटे मात्र काढू नये आणि किडा चिरडू नये. दयेचा पहिला पाठ मूल मोठ्यांच्या हाताकडे पाहूनच घेते.

दक्षता

मोकळीक आणि हयगय यांत अंतर आहे. विहीर, शेततळे, कालवा, एवढेच काय पण पाण्याने भरलेली बादलीसुद्धा या वयास घातक ठरू शकते. पाण्याजवळ मूल हाताच्या अंतरावरच हवे. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका, बोराची आठळी घशात अडकून श्वास कोंडतो. गुंज व एरंडाच्या बिया, धोत्रा आणि कण्हेर ही विषारी आहेत. त्यांची ओळख घरातील प्रत्येकास असावी. फवारणी झालेल्या शेतात मुलास नेऊ नये आणि औषधाचे रिकामे डबे त्याच्या हाती लागू देऊ नयेत. उन्हाळ्यात फेरफटका सकाळी किंवा सायंकाळी करावा, डोके झाकावे आणि वरचेवर पाणी पाजावे. दगड उलथण्याचे काम मोठ्याने काठीने करावे. सर्पदंश वा विंचूदंश झाल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मुलास थेट रुग्णालयात न्यावे.

शिक्षकाचे कार्य

हे सर्व कुटुंबाचे काम असले, तरी त्यास चालना देणे शिक्षकास शक्य आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा एकसंध मानला आहे. त्या टप्प्याचीही पूर्वतयारी घरीच होते. पालकसभेत अंगणवाडीताईंना बोलवावे आणि मातापित्यांसमवेत आजीआजोबांनाही निमंत्रण द्यावे, कारण कित्येक घरांत धाकटे मूल त्यांच्याच स्वाधीन असते. तेथे लांब व्याख्यान न देता शाळेच्या कुंपणालगत सर्वांनी मुलांसह एक फेरी मारावी. मूल कोठे थांबले आणि त्याने काय उचलले, एवढेच प्रत्येकाने सांगावे.

तिसरी-चौथीतील ज्या मुली व मुलगे भावंडास कडेवर घेऊन हिंडतात, त्यांनाही ही रीत समजावून द्यावी. "आज धाकट्याने काय विचारले?" हा प्रश्न दररोज परिपाठाच्या वेळी दोघा-तिघांना विचारला, तर वडील भावंड अधिक लक्षपूर्वक पाहू लागते आणि धाकट्यास श्रोता मिळतो. पाण्याविषयीची व बियांविषयीची दक्षता त्यांना आवर्जून शिकवावी. परंतु विहिरीकाठी वा ओढ्यावर लहान मुलाची जबाबदारी त्यांच्यावर सोडू नये, हे पालकांस स्पष्ट सांगावे.

आणि पहिलीच्या वर्गात मूल आले, म्हणजे प्रारंभीचे काही दिवस त्यास रोज थोडा वेळ वर्गाबाहेर न्यावे. त्याच्या मुठीत जो खडा, जे पीस, जी शेंग असेल, ती टाकून देण्यास न सांगता टेबलावर ठेवून घ्यावी आणि तिच्याविषयी त्यास बोलू द्यावे.