थेट वर्सोव्याहून: स्थानिक ई-स्पोर्ट्सचं प्रक्षेपण

१७ जुलै २००४ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसान शहराच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावर सुमारे एक लाख माणसं जमली होती. निमित्त होतं ‘स्टारक्राफ्ट’ या संगणकीय खेळाच्या साखळी स्पर्धेच्या अंतिम सामन्याचं. ही गर्दी एका रात्रीत उभी राहिली नव्हती. १९९९ मध्ये तिथल्या ‘टूनिव्हर्स’ या कार्टूनच्या वाहिनीने या खेळाचे सामने टीव्हीवर दाखवले. त्यांना इतका प्रतिसाद मिळाला की २००० मध्ये केवळ अशा खेळांसाठी ‘ऑनगेमनेट’ ही स्वतंत्र वाहिनी निघाली. लोकांनी पाच वर्षं घरी बसून सामने पाहिले, खेळाडूंची नावं पाठ केली, आपापले आवडते संघ ठरवले आणि मग ते किनाऱ्यावर आले.

आपल्याकडे बहुतेक आयोजक याच्या उलट क्रमाने जातात. आधी हॉल, बक्षिसं, करंडक, टी-शर्ट. प्रक्षेपणाची आठवण शेवटच्या आठवड्यात. माझं मत असं की स्थानिक स्पर्धा मोठी करायची असेल, तर प्रक्षेपण हेच तिचं मैदान समजून आखणी करायला हवी. आणि मुंबईत हे करून दाखवायला वर्सोव्याइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही.

मोठ्या स्पर्धा मुंबईने पाहिल्या आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगावच्या नेस्कोत ‘ड्रीमहॅक’ हा गेमिंग महोत्सव भरला. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ‘ईएसएल वन मुंबई’ ही ‘डोटा २’ची तीन लाख डॉलर बक्षिसाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ‘ग्लोबल ईस्पोर्ट्स’ हा मुंबईचा संघ ‘व्हॅलोरंट’च्या पॅसिफिक लीगमध्ये पोचला. ‘लोको’ हे खेळांचं स्ट्रीमिंग दाखवणारं ॲपही मुंबईतल्याच ‘पॉकेट एसेस’ कंपनीतून निघालं. २०२२ मध्ये ‘बीजीएमआय’ या मोबाइलवरच्या खेळाची एक स्पर्धा थेट स्टार स्पोर्ट्सवर दाखवली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरात केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. मात्र या शिखराखालचा डोंगर, म्हणजे कॉलेजातल्या, सोसायटीतल्या, गल्लीतल्या स्पर्धा, अजून अंधारात आहे. तिथे सोळा संघ जीव तोडून खेळतात आणि पाहायला असतात त्यांचेच मित्र.

वर्सोव्याकडे काय आहे ते पाहा. आराम नगरच्या जुन्या बैठ्या घरांत कास्टिंगची ऑफिसं, तालमीच्या जागा, छोटे स्टुडिओ दाटीवाटीने बसले आहेत. यारी रोडपासून सात बंगल्यापर्यंत एडिटर, साउंड रेकॉर्डिस्ट, कॅमेरामन, ग्राफिक करणारी मुलं, आवाजाचे कलाकार राहतात. २०१४ पासून घाटकोपरहून मेट्रो थेट वर्सोव्याला येते, म्हणजे उपनगराच्या त्या टोकाचे संघही सहज पोचू शकतात. आणि या सगळ्याच्या आधीपासून आहे तो वेसावे कोळीवाडा: गल्ल्यागल्ल्यांनी बांधलेला, सी-फूड फेस्टिव्हलसाठी हजारो माणसांचं स्वागत करायची सवय असलेला. प्रक्षेपणाचे कसबी हात, खेळणारी पोरं आणि पाठीराखे एकाच पिनकोडात आहेत. त्यांची एकमेकांशी गाठ मात्र क्वचित पडते.

या कामाचा उत्तम वस्तुपाठ आपल्या किनारपट्टीवर आधीच घडला आहे, टेनिस बॉल क्रिकेटमध्ये. मुंबई, ठाणे, रायगडातल्या गावकीच्या आणि मंडळांच्या स्पर्धा गेली कित्येक वर्षं यूट्यूबवर थेट दिसतात. ‘टेनिस क्रिकेट डॉट इन’सारख्या चॅनेलांनी मैदानाच्या कडेला कॅमेरे लावले, धावफलक पडद्यावर आणला आणि मुख्य म्हणजे समालोचन मराठीत, गावच्या बोलीत ठेवलं. त्यामुळे पेणचा फलंदाज डोंबिवलीत नावाने ओळखला जाऊ लागला. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये टेनिस बॉलची ‘आयएसपीएल’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा या खेळाला प्रेक्षक शोधावा लागला नाही. ई-स्पोर्ट्सच्या आयोजकांनी कोरियाइतकंच पेण-अलिबागकडेही पाहावं.

आता प्रत्यक्ष प्रक्षेपणाकडे येऊ. क्रिकेटमध्ये चेंडू जिथे तिथे कॅमेरा. ‘बीजीएमआय’सारख्या खेळात सोळा संघांचे चौसष्ट खेळाडू एकाच वेळी एका अफाट नकाशावर पसरलेले असतात आणि ‘चेंडू’ असा नसतोच. काय दाखवायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे ऑब्झर्व्हर. तो स्पर्धेसाठी उघडलेल्या कस्टम रूममध्ये प्रेक्षक म्हणून शिरतो, एका खेळाडूच्या नजरेतून दुसऱ्याच्या नजरेत उड्या मारत राहतो. त्याचा फोन किंवा टॅब कॅप्चर कार्डमधून संगणकाला जोडलेला असतो.

त्याच्या कामाचा कस शेवटच्या सर्कलमध्ये, म्हणजे खेळाची जागा आकसत आल्यावर, लागतो. समजा, आघाडीचा संघ बाद झाला. त्याचे गुण आता गोठले. मागचा संघ नऊ गुणांनी मागे आहे आणि त्याचे दोन खेळाडू अजून जिवंत आहेत. सामना जिंकला तर क्रमांकाचे १० गुण, दुसरा आला तर ६, तिसऱ्याला ५. शिवाय प्रत्येक फिनिशला, म्हणजे प्रतिस्पर्धी बाद केल्याबद्दल, १. म्हणजे चिकन डिनर, अर्थात पहिला क्रमांक, मिळालं तर करंडक फिरतो, दुसऱ्या क्रमांकावर राहिले तर निदान तीन फिनिश घेऊन बरोबरी साधावी लागते. झोन आकसतोय. दोघांपैकी एक गवतात पालथा पडलाय, दुसरा दगडाआड गोळ्या भरतोय आणि टेकडीवरून तिसऱ्याच संघाची चौकडी खाली उतरतेय, ज्याची या दोघांना चाहूलही नाही. चांगला ऑब्झर्व्हर ही चौकडी आधी दाखवतो, मग गवतातल्या खेळाडूवर येतो आणि पहिली गोळी सुटण्याआधी तिथे थांबलेला असतो. गोळीचा आवाज ऐकून धावणाऱ्याला फक्त बाद झालेल्यांचे क्रेट दिसतात. म्हणून छोट्या स्पर्धेतही दोन ऑब्झर्व्हर हवेत: एक लढतीवर, दुसरा नकाशावर. गुणांचं गणित हातात घेऊन बसलेला एक माणूस त्यांच्या कानात बोलत असावा. माझ्या मते आयोजकाने बक्षिसाच्या रकमेतून थोडे पैसे काढून पहिल्यांदा इथे घालावेत.

बाकी यंत्रणा वाटते तितकी महाग नाही. ‘ओबीएस’ हे २०१२ मध्ये आलेलं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि छोट्या चॅनेलांपासून मोठ्या स्ट्रीमरपर्यंत अनेकांचं काम त्यावर चालतं. त्यात खेळ, पॉइंट टेबल, समालोचकांचा कॅमेरा, मध्यंतराची पाटी असे सीन आधी बांधून ठेवायचे. ७२० पिक्सेलचं, सेकंदाला ३० फ्रेमचं चित्र पाठवायला साधारण ४ एमबीपीएस लागतात. तासाला १.८ जीबीच्या आसपास डेटा जातो. इंटरनेटवाला सांगतो तो डाउनलोडचा वेग. आपल्याला मोजायचा आहे अपलोडचा, आणि तो लागतो त्याच्या दुप्पट तरी असावा. कीफ्रेमचं अंतर दोन सेकंद, बिटरेट स्थिर. हट्टाने १०८० पिक्सेल पाठवून अडखळणाऱ्या चित्रापेक्षा ७२० चं वाहतं चित्र केव्हाही चांगलं, कारण बहुतेक प्रेक्षक ते फोनवर पाहतात. दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन किंवा ५जी हॉटस्पॉट राखीव ठेवावा. राउटर आणि संगणक यूपीएसवर असावेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी अख्ख्या मुंबईची वीज गेली होती हे विसरू नये. नव्या यूट्यूब चॅनेलला लाइव्हची सोय सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, तेव्हा हे काम आदल्या दिवशी सकाळपर्यंत उरता कामा नये.

स्पर्धेचं चित्र मुद्दाम काही मिनिटं उशिरा सोडावं लागतं. नाहीतर घरून खेळणारा संघ स्ट्रीम उघडून प्रतिस्पर्धी कुठे लपलाय ते पाहतो. याला घोस्टिंग म्हणतात. हा उशीर ‘ओबीएस’मध्येच लावता येतो. निकालाची पोस्टसुद्धा तेवढ्या उशिराने टाकावी, नाहीतर पाहणाऱ्यांचा रस तिथेच संपतो.

चित्र थोडं डावं असलं तरी लोक बसून राहतात, आवाज फाटला की उठतात. समालोचकांना हेडसेटचा माइक द्यावा, म्हणजे मान वळवली तरी आवाज पडत नाही. समालोचक बोलू लागला की खेळाचा आवाज आपोआप खाली आणायची सोय ‘ओबीएस’च्या कंप्रेसर फिल्टरमध्ये आहे; ती फार थोडे लोक वापरतात. उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात बोलायचं असेल तर माइकवर केसाळ विंडशील्ड हवंच. आराम नगरातला कुठलाही साउंडवाला हे दहा मिनिटांत लावून देईल.

आणि भाषा. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर क्रिकेट मराठीत आणलं, तेव्हा हा खेळ मराठीत सांगता येईल का, अशी शंका घेणारे होतेच. त्यांनी ते इतकं सहज करून दाखवलं की पुढच्या पिढ्यांना तो प्रश्नच पडला नाही. २०२३ मध्ये आयपीएल जिओसिनेमावर मराठीतही ऐकू आली. ई-स्पोर्ट्सचं समालोचन आज प्रामुख्याने हिंदी-इंग्रजीत चालतं. वर्सोव्यातल्या स्पर्धेत हिंदी हवीच, पण एक समालोचक मराठी, जमल्यास कोळी बोलीत रंगणारा असावा. रोटेशन, क्लच, थर्ड पार्टी हे खेळाडूंच्या तोंडचे शब्द तसेच ठेवून बाकीचं वाक्य आपलं बोलावं. नातवाचा खेळ आजीला कळला, तर घरात प्रेक्षक वाढला.

प्रसिद्धीचं काम स्पर्धेच्या दिवशी सुरू करून चालत नाही. यूट्यूबवर स्ट्रीम आधीच शेड्यूल करता येतं. लिंक आठवडाभर आधी मिळते आणि तीच पोस्टरवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर, डिस्कॉर्डवर फिरवावी. वार आणि वेळ बदलू नये. शीर्षक देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत असावं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतं. संघ गल्लीच्या, सोसायटीच्या, कॉलेजच्या नावाने उतरवले तर पाठीराखे आपोआप येतात: भवन्स विरुद्ध मिठीबाई म्हटल्यावर न खेळणारासुद्धा डोकावतो. प्रत्येक खेळाडूची अर्ध्या मिनिटाची ओळख आधी चित्रित करून ठेवावी.

आणि क्लिप. १ ऑगस्ट २००४ रोजी, बुसानच्या त्या सामन्यानंतर दोनच आठवड्यांनी, कॅलिफोर्नियातल्या ‘इव्हो’ स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ३’ खेळताना जपानच्या दाइगो उमेहाराने अगदी काठावर आलेल्या जिवावर जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचा सलग पंधरा फटक्यांचा हल्ला एकेक करून परतवला आणि सामना जिंकला. मागे गर्दीचा उसळलेला आवाज. त्या छोट्या चित्रफितीने ‘इव्हो’ जगभर पोचवलं. आजही लोक ती पाहतात. असा क्षण आपल्याही स्पर्धेत येतो. तो तासाभरात कापून, उभ्या चौकटीत बसवून, खेळाडूचं नाव लिहून बाहेर पडला पाहिजे. त्यासाठी एक एडिटर फक्त याच कामाला बसवावा.

काही बाबतींत मात्र सावध राहायला हवं. ‘वेसावकर आणि मंडळी’ या कोळीगीतांच्या संचाची गाणी मध्यंतरात वाजवावीशी वाटणं अगदी साहजिक आहे, पण ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकाची परवानगी नसेल तर यूट्यूब आवाज बंद करू शकतं किंवा स्ट्रीमच थांबवू शकतं. त्यापेक्षा कोळीवाड्यातल्या वादकांकडून स्पर्धेसाठी नवी धून करून घ्यावी. खेळाच्या कंपनीचे स्पर्धाविषयक नियम वाचून लागेल ती परवानगी घ्यावी. अठरा वर्षांखालच्या खेळाडूंच्या पालकांची लेखी संमती असावी. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, सहभाग शुल्क आणि कामगिरीवरचं बक्षीसही मान्य केलं. पैसे लावून खेळायच्या खेळांवर मात्र बंदी घातली. त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा असा प्रायोजक कितीही पैसे देत असला तरी त्याला दारातूनच परत पाठवावं. नाक्यावरचं मोबाइलचं दुकान, जवळचं खानावळवजा हॉटेल, जिम यांची पट्टी पडद्याच्या खाली चालवावी, पॉइंट टेबल न झाकता.

तुम्ही यारी रोडला राहणारे एडिटर असाल, सात बंगल्याचे साउंड रेकॉर्डिस्ट असाल, तर तुमच्या इमारतीतली पोरं कुठल्या स्पर्धेत खेळतात ते एकदा विचारा आणि महिन्यातला एक रविवार त्यांच्या स्ट्रीमला द्या. त्यांच्याकडे खेळ आहे. तो नीट दाखवायचं कसब तुमच्याकडे आहे.