चॅनल भरलेलं, तरी आवक बंद

‘चॅनलमध्ये 10 लाख सातोशी टाकले, आता तेवढे मला कुणीही पाठवू शकेल.’ बिटकॉइनच्या लाइटनिंग नेटवर्कबद्दलचा हा सगळ्यात चिवट गैरसमज. (1 बिटकॉइन म्हणजे 10 कोटी सातोशी.)

समजा, परभणीच्या मोंढ्यातल्या अडत्याने मानवतच्या जिनिंगवाल्याशी चॅनल, म्हणजे दोघांमधलं बिटकॉइनचं सामाईक खातं, उघडलं. मोंढा यावर चालतो असं नाही, रुपयांसाठी यूपीआय आहेच. गावं फक्त ओळखीची घेतली. पैसे अडत्याने घातले, म्हणून सगळे त्याच्याच बाजूला. थोडी राखीव रक्कम सोडली तर तो हवे तेवढे देईल, पण घेईल कुठून? येणारी रक्कम मानवतच्या बाजूने सरकायची, आणि तिथे शून्य. एकूण रक्कम सहसा उघडतानाच ठरते; पुढे बदलते ती दोघांमधली वाटणी.

‘मग रीबॅलन्सिंग करा, पैसा वाढेल.’ वाढत नाही. आता अडत्याचे मानवतच्या चॅनलमध्ये 1 लाख उरलेत आणि सेलूच्या एका व्यापाऱ्याशी असलेल्या दुसऱ्या चॅनलमध्ये 9 लाख आहेत, असं धरू. तो स्वतःलाच 4 लाख पाठवतो: परभणी, सेलू, मानवत, पुन्हा परभणी. दोन्हीकडे त्याचे 5-5 लाख झाले. बेरीज तीच, वर सेलू-मानवतकरांचं शुल्क गेलं. शिवाय सेलू-मानवत चॅनलमध्ये सेलूच्या बाजूला 4 लाख असायला हवेत. ते बाहेरून दिसत नाही. जाहीर असते ती एकूण क्षमता, म्हणून वॉलेट एक वाट फसली की दुसरी चाचपतं.

खरी अडचण हंगामात. कापसाचे पैसे महिनोन्‌महिने एकाच दिशेने वाहिले, तर गोल फिरवून काही साधत नाही. आज सरळ केलेलं उद्या पुन्हा कलतं. तिथे सबमरीन स्वॅप लागतो, म्हणजे चॅनलमधली रक्कम मूळ साखळीवरच्या (ब्लॉकचेनवरच्या) बिटकॉइनशी बदलून घ्यायची. नाहीतर नवं चॅनल. दोन्हीला साखळीवरचं शुल्क पडतं. ‘लाइटनिंग जवळजवळ फुकट’ म्हणणारे हा खर्च धरत नाहीत.

मधला नोड, म्हणजे वाटेतला सहभागी, पैसे गिळेल, ही भीती मात्र बहुतांशी निराधार. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांच्या 2016च्या मांडणीत प्रत्येक टप्पा एकाच गुपिताने बांधलेला आहे: घेणाऱ्याने ते उघड केलं तरच सगळे टप्पे सुटतात, नाहीतर मुदतीनंतर रक्कम परत. तोवर ती अडकून पडते, हे खरं.

आणि चॅनलमधला व्यवहार साखळीबाहेर असला, तरी कराबाहेर नव्हे. भारतात 1 एप्रिल 2022 पासूनचा 30 टक्के कर क्रिप्टोच्या हस्तांतरणातल्या नफ्यावर आहे. व्यवहार साखळीवर झाला की चॅनलमध्ये, याने त्यात फरक पडत नाही.