खेळातल्या कोयत्याचं अस्त्र कसं होतं?



मॉड हा शब्द नववी-दहावीच्या मुलांच्या तोंडी हल्ली वरचेवर येतो. मॉड म्हणजे तयार व्हिडिओ गेममध्ये आपण स्वतः केलेला बदल किंवा घातलेली भर. इथे दिवाळे गावात एका पालकांनी मला विचारलं, "सर, पोरगा दोन-दोन तास तलवारच बनवत बसतो. खेळतसुद्धा नाही. ह्यात शिकण्यासारखं काय आहे?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा ही जादूची तलवार आतून कशी बनते ते नीट बघू या.

सुरुवात आपल्या ओळखीच्या दोन शब्दांपासून करू. शस्त्र आणि अस्त्र. हातात धरून वापरायचं ते शस्त्र, मंत्राने सोडायचं ते अस्त्र. महाभारतातला बाण एकच, पण त्यावर आग्नेयास्त्राचा मंत्र घातला की आग आणि वारुणास्त्राचा घातला की पाणी. म्हणजे वस्तू वेगळी आणि तिचा परिणाम वेगळा. परिणाम वस्तूला जोडायचा असतो. गेम बनवणारेही अगदी असाच विचार करतात.

उदाहरण घेऊ स्कायरिमचं. हा गेम नोव्हेंबर २०११ मध्ये आला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये बेथेस्डा कंपनीने क्रिएशन किट नावाचं साधन फुकट दिलं, ज्यातून गेममधल्या वस्तू बदलता येतात. समजा, आपल्या कोळीवाड्यातल्या मुलाला बर्फाचा कोयता बनवायचाय. गेममध्ये कोयता नाही, म्हणून तो लोखंडी खंजीर निवडतो. त्याला तीन नोंदी कराव्या लागतात.

पहिली नोंद परिणामाची. इथे सांगायचं की हा परिणाम कशावर होतो (समोरच्याच्या आरोग्याच्या आकड्यावर), कसा पोचतो (स्पर्शाने), आणि कोणती प्रतिकारशक्ती त्याला अडवते (थंडीची). इथेच एक छोटी चौकट असते, तिचा अर्थ ‘हानिकारक’. तिच्यावर खूण करायला विसरलात तर आकडा वजा होण्याऐवजी अधिक होतो, आणि तुमच्या कोयत्याच्या प्रत्येक घावाने राक्षस बरा होत जातो! अधिक-वजा चिन्हांची चूक पोरं वहीत दहा वेळा करतात. इथे ती डोळ्यांसमोर धडधाकट होऊन अंगावर येते.

दुसरी नोंद मंत्राची. परिणाम किती आणि किती वेळ, ते इथे ठरतं. सेकंदाला ५ प्रमाणे ४ सेकंद, म्हणजे एकूण २० ची हानी. पण समोर नॉर्ड जमातीचा माणूस असेल तर त्याला जन्मतःच थंडीविरुद्ध ५० टक्के प्रतिकार असतो, म्हणून हानी १० च. मंत्राची आणि परिणामाची ‘पोचण्याची पद्धत’ जुळली नाही, तर परिणाम यादीत दिसतच नाही. मुलं इथे हमखास अडकतात आणि ‘सॉफ्टवेअर बिघडलंय’ म्हणतात. बिघडलेलं काहीच नसतं.

तिसरी नोंद खुद्द शस्त्राची. त्यात मंत्र निवडायचा आणि साठा भरायचा. प्रत्येक घावाला साठ्यातून काही खर्च होतो. साठा ५०० आणि खर्च २५ असेल तर २० घाव, मग कोयता नुसता लोखंडाचा. (खेळात आत्म्याचे खडे वापरून तो पुन्हा भरता येतो.) आता वर्गात विचारा: इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती एकदाच वापरता येणार होती, ती त्याने घटोत्कचावर खर्च केली आणि अर्जुनासाठी काही उरलं नाही. तिची नोंद करायची तर आकडे कोणते? साठा आणि खर्च सारखेच, आणि पुन्हा भरण्याची सोय बंद. हे उत्तर मुलांकडूनच येऊ द्या, घाई करू नका.

मला सगळ्यात आवडतो तो अटींचा भाग. परिणामाला अट लावता येते. अश्वत्थाम्याने नारायणास्त्र सोडलं, तेव्हा कृष्णाने पांडवसेनेला शस्त्रं खाली टाकायला सांगितली, कारण निःशस्त्रावर ते चालत नव्हतं. क्रिएशन किटमध्ये ‘समोरच्याने शस्त्र उपसलंय का’ हे तपासणारी अट तयारच मिळते. उत्तर ‘हो’ आलं तरच परिणाम. एका अटीला दुसरी ‘आणि’ने जोडायची की ‘किंवा’ने, हे ठरवताना मुलं जे डोकं चालवतात तेच पुढे प्रोग्रॅमिंगमध्ये लागतं.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. खंजिराचं अंतर्गत नाव बदलून जतन केलं की साधन विचारतं, नवी वस्तू करू का? ‘हो’ म्हणायचं. ‘नाही’ म्हटलं तर मूळ खंजीरच बदलतो आणि गेममधला प्रत्येक चोर-दरोडेखोर बर्फाचा खंजीर घेऊन फिरू लागतो. तरी घाबरू नका, मूळ गेमची फाइल शाबूत राहते. मुलाचे बदल वेगळ्या छोट्या फाइलमध्ये असतात, नकाशावर ठेवलेल्या ट्रेसिंग पेपरसारखे. पेपर उचलला की नकाशा होता तसा.

आता पालकांसाठी. स्कायरिमला अमेरिकेत १७ वर्षांवरील आणि युरोपात १८ वर्षांवरील असं मानांकन आहे, रक्तपात भरपूर आहे. सातवी-आठवीच्या मुलाला तो देऊ नका, मुलगा कितीही हट्ट करो. त्या वयाला माइनक्राफ्ट बरा. त्यात तलवारीला आगीचा मंत्र लावता येतो, पहिल्या पातळीला शत्रू ४ सेकंद जळतो, दुसऱ्या पातळीला ८. दुसऱ्याने बनवलेला मॉड आपल्या नावावर खपवू नये, हेही घरीच सांगा.

आणि कॉम्प्युटर नसेल तर? वहीत तीन रकाने आखा: शस्त्र, मंत्र, परिणाम. महाभारतातली पाच अस्त्रं घ्या आणि प्रत्येकाची हानी, वेळ, साठा आणि अट मुलांना भरायला सांगा. ब्रह्मास्त्राच्या अटीत ‘ऐन वेळी मंत्र आठवतोय का’ हे लिहायला कर्णाचा शाप माहीत असलेलं पोरच लागेल.