सोडणं आणि पारखणं : काय बाधतं हे कसं कळावं?

आपल्या जिंतूरजवळ नेमगिरीची दिगंबर जैन लेणी आहेत. त्या परंपरेत सहा बाह्य तपं सांगितली आहेत, त्यांतलं एक रसपरित्याग : दूध, दही, तूप, तेल, साखर, मीठ यांतलं काही सोडायचं. इतर घरांत कांदेनवमीला कांदा, लसूण, वांगी मनसोक्त खायची आणि मग चातुर्मासभर बंद. तेव्हा सोडणं आपल्याला नवं नाही. पण तिथे हेतू जिभेवर ताबा हा आहे. 'मला हे बाधतं का?' हा प्रश्न निराळा.

चातुर्मासात पोट हलकं वाटलं, समजा. कशामुळे? कांद्यामुळे की वांग्यामुळे? की उपवास वाढले म्हणून? कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, त्यातलाच हा प्रकार असू शकतो. आपले नैयायिक म्हणून अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही मागतात : असताना होतं का, आणि नसताना होत नाही का. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३मध्ये जवळपास हेच मांडलं. आपण व्यतिरेक करतो आणि कार्तिकी एकादशीनंतर सगळं एकदम ताटात घेतो. तिथेच पारख बुडते.

अमेरिकेत अल्बर्ट रो या डॉक्टरांनी १९२०च्या दशकात ही रीत रुजवली. संशयाचे पदार्थ दोन ते चार आठवडे बंद, रोजचा त्रास वहीत लिहायचा. मग एकेक पदार्थ परत आणायचा आणि दोन-तीन दिवस थांबून बघायचं. खरं ज्ञान या परत आणण्यात आहे. दुधाने पोट फुगतं, पण ताक चालतं, असं पुष्कळांचं निघतं. विरजणात लॅक्टोज कमी होतं. म्हणजे 'दूध बाधतं' हे विधानच फार मोठं झालं! मनाचं काय? वांगं बाधतं असं ठरवलेल्याला ते नुसतं दिसलं तरी खाज सुटते. म्हणून एकदा नव्हे, दोनदा तपासावं.

ऐकीव गोष्टीवरून डाळ, दूध वर्षानुवर्षं सोडून अशक्त होणारी, विशेषतः वयस्कर बायामाणसं आपल्यात कमी नाहीत. बंदी कायमची नसते, हे त्यांना सांगायला हवं.

गव्हाचा संशय असेल तर गहू सोडण्याआधी सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करा. नंतर ती फसवी येऊ शकते. लहान मुलं, गरोदर बाई, साखरेची औषधं घेणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. आणि शेंगदाण्याने ओठ सुजले, श्वास लागला असं एकदा जरी झालं असेल, तर तो पदार्थ घरी मुळीच खाऊन बघायचा नाही.